किल्ला, हत्ती आणि नळाचे पाणी

आफ्रिकेहून परतलेल्या माणसाला आपल्याकडे सर्वांत आधी कोणता प्रश्न विचारला जातो, हे सांगायला ज्योतिषी नको. ‘सिंह दिसला का?’ हाच तो प्रश्न. काश्मीरहून आलेल्याला बर्फ, कोकणातून आलेल्याला हापूस आणि आफ्रिकेहून आलेल्याला सिंह, अशी आपण सृष्टीची सोयीस्कर वाटणी करून टाकलेली आहे. एका मुलखाला एक वस्तू; लक्षात ठेवायला सोपे! त्या खंडात शहरे असतील, त्या शहरांना पाच-सातशे वर्षांचा इतिहास असेल आणि त्या इतिहासात आपल्या वसई-ठाण्याचीही दोन पाने असतील, हे सहसा कोणाच्या मनात येत नाही.

गेल्या नाताळच्या सुट्टीत आम्ही तिघे, म्हणजे मी, आमच्या सौभाग्यवती आणि कॉलेजच्या पहिल्या वर्षात शिकणारी आमची कन्या, केनियातील मोंबासा येथे दहा दिवस राहून आलो. सौभाग्यवतींचे धाकटे बंधू तेथे बंदराशी संबंधित एका कंपनीत नोकरीला आहेत. ‘ताई, भाऊजींना घेऊन एकदा येच’ असा त्यांचा तीन वर्षे धोशा चालला होता. मेहुण्याचे आमंत्रण आणि स्वतःची रजा यांचा योग किती दुर्मिळ, हे प्राध्यापक वाचकांना सांगायला नकोच! तेव्हा या सदरात एरवी शब्दांच्या आणि पुस्तकांच्या गोष्टी सांगणाऱ्या मला यंदाच्या दिवाळीत एका शहराची गोष्ट सांगण्याची मुभा असावी.

मोंबासा हे मुळात एक बेट. दोन्ही बाजूंनी खाडी, पुढे हिंदी महासागर. आणि आता बेटाच्या बाहेरही पसरलेले, २०१९च्या शिरगणतीप्रमाणे बारा लाखांच्या वर वस्तीचे शहर. इब्न बतूता हा मोठा प्रवासी १३३१ साली येथे एक रात्र मुक्कामाला होता. जुन्या भागातून हिंडताना आपण परदेशात आहोत, असे मुळी वाटतच नाही. दोन माणसे जेमतेम ओलांडतील अशा गल्ल्या, नक्षीचे लाकडी दरवाजे, पुढे आलेले सज्जे, कुठून तरी येणारा मसाला भाजल्याचा वास, आणि घाम! आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, हे तर आपलं भुलेश्वर, फक्त समुद्र जवळ आणलेला.”

मराठी शिकविणाऱ्या माणसाला तर हे शहर म्हणजे पर्वणीच. इकडची भाषा स्वाहिली. तीत पैशाला म्हणतात पेसा, गाडीला गारी, लाखाला लाकी, विम्याला बीमा, आणि चपातीला चपातीच! पुस्तक ते किताबू, जग ते दुनिया, खबर ती हबारी. आगगाडीला शब्द आहे ‘गारी ला मोशी’. मोशी म्हणजे धूर. आपण आग पाहिली, त्यांनी धूर पाहिला. एवढाच काय तो फरक. ज्या ‘सफारी’साठी लोक एवढे पैसे मोजतात, ती तरी कोण? अरबीतून दोन्हीकडे गेलेली आपली जुनी सफरच की! सिंहाला मात्र ‘सिंबा’ म्हणतात, म्हणून तो संस्कृतातून तिकडे गेला, अशी समजूत कोणी करून घेऊ नये. तो शब्द आफ्रिकेतील बांटू भाषांचा स्वतःचा आहे; साम्य योगायोगाचे. प्रत्येक गोष्ट आपल्याकडूनच गेली असे मानण्यात एक सुख असते खरे, परंतु ते सुख व्युत्पत्तिशास्त्राला मानवत नाही.

मात्र काही गोष्टी खरोखरच आपल्याकडून गेल्या. त्या पाहायच्या असतील, तर बेटाच्या टोकाला उभ्या असलेल्या फोर्ट जीझस या किल्ल्यात जावे. वास्को द गामा १४९८च्या एप्रिलात मोंबासाला आला, तेव्हा येथे त्याचे स्वागत झाले नाही. तो पुढे मालिंदीला गेला, तेथे त्याला वाटाड्या मिळाला आणि तो कालिकतला पोहोचला. पोर्तुगीजांनी नंतर हे शहर लुटले, जाळले, आणि शेवटी १५९३ साली पोवळ्याच्या खडकावर, पोवळ्याच्याच दगडांचा हा किल्ला बांधावयास घेतला. त्याचा आराखडा करणारा जोव्हानी बातिस्ता कैराती हा मूळचा इटलीतील मिलानचा. पण तो होता गोव्याच्या पोर्तुगीज सरकारचा मुख्य स्थापत्यकार. म्हणजे मोंबासाच्या भिंतींचा हुकूम गोव्याहून सुटत असे.

१६९६च्या मार्चमध्ये ओमानच्या अरबांनी किल्ल्याला वेढा घातला. तेहतीस महिने तो चालला. आत उपासमार आणि रोगराई. गोव्याहून मदतीला जहाजे आली, त्यांतील एक किल्ल्यासमोरच १६९७ साली बुडाले. १९७७पासून पाणबुड्यांनी ते शोधून त्यातील वस्तू वर काढल्या; त्या आज किल्ल्यातील संग्रहालयात मांडलेल्या आहेत. त्या कपाटापुढे आम्ही तिघे उभे होतो. जहाजाचे नाव वाचून कन्येने माझी बाही ओढली. “बाबा, हे ‘तान्ना’ म्हणजे काय हो?”

जहाजाचे नाव होते ‘सांतो आंतोनियो द तान्ना’. तान्ना म्हणजे आपले ठाणे! ठाण्याच्या संत अँथनीच्या नावाचे हे जहाज १६८१च्या सुमारास वसईच्या गोदीत तयार झाले, तेही सागवानी लाकडाचे. वसईच्या गोदीत कुऱ्हाड-करवत चालविणारे सुतार कोण असतील, हे मी तिला निराळे सांगण्याची गरज नव्हती. १६९८च्या डिसेंबरात मोंबासा पडले. पोर्तुगीजांनी १७२८ साली ते जेमतेम वर्षभरासाठी परत मिळविले आणि कायमचे गमावले. त्यानंतर दहाच वर्षांनी, १७३९ साली, चिमाजी अप्पांनी वसई घेतली. शाळेत आपण वसईचा वेढा पाठ करतो, पण त्याच साम्राज्याचे दुसरे टोक समुद्रापलीकडे आधीच ढिले झालेले होते, हे नकाशा उघडल्याखेरीज कळत नाही.

आता किल्ला झाला, संग्रहालय झाले. उद्या अरण्य, असा बहुतेक प्रवाशांचा बेत असतो. पहिला दिवस इतिहासाला, दुसरा सिंहाला. मला सांगायचे आहे ते हेच, की मोंबासात या दोन गोष्टी निराळ्या काढताच येत नाहीत. हे शहर अरण्यावरच जगत आले. शहराच्या मुख्य रस्त्यावर, मोई अव्हेन्यूवर, रस्त्याच्या दोन्ही अंगांना प्रचंड हस्तिदंतांच्या कमानी उभ्या आहेत. दंत अर्थात अॅल्युमिनियमच्या पत्र्याचे. १९५०च्या दशकात इंग्लंडच्या राजघराण्यातील पाहुण्यांच्या स्वागतासाठी ते उभारले गेले. प्रत्येक प्रवासी त्यांच्याखाली उभा राहून फोटो काढतो. आम्हीही काढला. परंतु शहराच्या वेशीवर दंतच का, सिंह का नाही, याचे उत्तर वखारींच्या जुन्या हिशेबात आहे. एकोणिसाव्या शतकात आतल्या मुलखातून कांबा जमातीचे व्यापारी हस्तिदंत घेऊन मोंबासाला उतरत. किनाऱ्यावर तो विकत घेणाऱ्यांत कच्छ-काठेवाडचे व्यापारी होते. झांझिबार, मोंबासा येथून गलबते निघत ती मुंबईला. मुंबईहून काही माल लंडनला जाई, काही आपल्याच देशात बांगड्या, फण्या, डब्या होण्यासाठी राही.

एवढे मी सांगत असता सौभाग्यवती गप्प झाल्या. आमच्या देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात त्यांच्या आजीचा एक हस्तिदंती कुंकवाचा करंडा आहे. आजीला तो तिच्या आजेसासूने दिला. दर दिवाळीला तो निघतो, पुसला जातो, परत ठेवला जातो. आणि पुढे तो कन्येला द्यायचा, हे तिच्या जन्मापासून ठरलेले आहे. तो करंडा या किनाऱ्यावरच्या हत्तीचा की म्हैसुराकडच्या, ते सांगता येणार नाही. पण कन्येने विचारलेच, “आई, करंड्याएवढ्या दाताच्या तुकड्यासाठी सबंध हत्ती?” तिच्या आईने उत्तर दिले नाही. मेहुणेबुवांनी लगबगीने नारळपाणी मागविले.

मोंबासातून उत्तरेकडे निघालेला दुसरा मोठा रस्ता लोखंडाचा. इंग्रजांनी १८९६ साली येथून रेल्वे घालावयास घेतली आणि १९०१ साली ती व्हिक्टोरिया सरोवराला नेऊन भिडविली. त्यासाठी हिंदुस्थानातून सुमारे बत्तीस हजार मजूर करारावर नेले गेले. बहुतेक पंजाबचे, कराचीहून बोटीत चढलेले. त्यांतील सुमारे अडीच हजार परतले नाहीत. रुळाच्या एकेका मैलाला चार माणसे, असा तो हिशेब पडतो. काही तापाने गेले, काही अपघातात, काही सिंहांच्या तोंडी.

मोंबासापासून १३२ मैलांवर त्सावो नदीवर पूल बांधायचा होता. १८९८च्या मार्चपासून डिसेंबरपर्यंत दोन सिंहांनी तेथील छावण्यांत असा उच्छाद मांडला, की काट्यांची कुंपणे, रात्रभर पेटविलेल्या शेकोट्या, कशाचाच इलाज चालेना. आळीपाळीने माणसे तंबूतून ओढून नेली जात. पॅटर्सन या इंजिनियराने पुढे १९०७ साली या प्रकरणावर पुस्तक लिहिले, ते जगभर गाजले. त्याचा जमादार उंगन सिंग हा पहिल्या बळींपैकी एक. शेवटी १ डिसेंबरला मजुरांनी काम टाकले. आम्ही सरकारच्या मजुरीसाठी आलो, सिंहाचे भक्ष्य व्हायला नव्हे, असे त्यांनी साहेबाला स्वच्छ सांगितले. आणि शेकडो माणसे रुळांवर आडवी पडून, येणारी गाडी थांबवून, तीत चढून किनाऱ्याकडे निघून गेली. तीन आठवडे काम बंद होते. त्याच महिन्यात पॅटर्सनने दोन्ही सिंह मारले.

त्या सिंहांची कातडी १९२० नंतर शिकागोच्या फील्ड म्युझियमने विकत घेतली. भुसा भरून ते आजही तेथे उभे आहेत. शास्त्रज्ञांनी त्यांची हाडे, केस, दात सर्व तपासले. एकाचा सुळा तुटून जबडा दुखावलेला होता. रानरेड्यासारखी मोठी शिकार त्याला झेपत नसावी. त्यात गुरांच्या साथीने त्या दशकात रानातली जनावरे आधीच मेलेली. हाडांवरून २००९ साली केलेल्या अभ्यासात दोघांनी मिळून सुमारे पस्तीस माणसे खाल्ली असावीत, असा अंदाज निघाला. पॅटर्सनने पुढे केव्हातरी १३५चा आकडा सांगितला होता. आकड्यांचे राहू द्या. सिंहांवर पुस्तके निघाली, चित्रपट निघाले, त्यांचे दात मोजले गेले. त्या अडीच हजारांतील किती जणांची नावे तुम्हा-आम्हाला ठाऊक आहेत?

आज त्या जुन्या रुळांच्या शेजारून २०१७ साली सुरू झालेली नवी गाडी धावते, आणि मोंबासाहून नैरोबीच्या वाटेवर ती याच त्सावोच्या अरण्यातून जाते. जनावरांना खालून जाता यावे म्हणून जागोजागी मोऱ्या आणि पूल ठेवलेले आहेत. १९४८ साली राखीव केलेले हे अरण्य, पूर्व आणि पश्चिम मिळून, वीस हजार चौरस किलोमीटरांहून मोठे आहे. आपले दोन चांगले मोठे जिल्हे त्यात बसतील.

आम्ही व्होई या गावी उतरलो आणि उघड्या टपाच्या गाडीतून दोन दिवस हिंडलो. आमच्याबरोबर पुण्याचे एक कुटुंब होते. कुटुंबप्रमुखांच्या हातात यादी : सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा, रानरेडा. दिसला की पेन्सिलीने खूण. हे ‘पाच मोठे’ कोणी ठरविले, ठाऊक आहे? शिकाऱ्यांनी. पायी चालून मारायला सर्वांत कठीण आणि धोक्याची ती ही पाच. केनियात शिकार १९७७ साली बंद झाली. यादी मात्र शिकाऱ्यांच्या हातातून निसटून पर्यटकांच्या खिशात आली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत सिंह काही दिसला नाही, तेव्हा गृहस्थ ड्रायव्हरवर उखडले. “एवढे पैसे घेता आणि सिंह दाखवीत नाही म्हणजे काय?” ड्रायव्हर कांबा होता, वयस्क आणि शांत. तो इंग्रजीत एवढेच म्हणाला, की साहेब, माझ्या आजोबांच्या पिढीत सिंह दिसला नाही, तर लोक देवाचे आभार मानीत.

हत्ती मात्र दिसले, आणि कसे! त्सावोची माती गेरूसारखी लाल. हत्ती तीच अंगावर उडवून घेतात, तिच्यातच लोळतात. म्हणून येथले हत्ती लाल. पाणवठ्याकडे सतरा-अठरा जणांचा कळप एका रांगेत निघाला होता. पुढे आजी, मागे मुली, सुना नव्हेत हं, मुलीच, कारण हत्तीच्या घरात मुली माहेरीच राहतात. आणि पायांत घुटमळणारी पोरे. वाटेत एक अगडबंब गोरखचिंच उभी होती. आफ्रिकेचे हे झाड जुन्या दर्यावर्दींबरोबर आपल्या पश्चिम किनाऱ्यावर आले. वसई-मुंबईकडे त्याची म्हातारी झाडे अजून आहेत. येथल्या झाडाची साल पुरुषभर उंचीपर्यंत सोललेली. दुष्काळात हत्ती तीच चावून ओल मिळवितात, असे ड्रायव्हरने सांगितले.

या अरण्यात सत्तरीच्या दशकाच्या आरंभी वीस हजारांवर हत्ती होते. आधी दुष्काळ आला. मग दातांसाठी बंदुका आल्या. १९८८ साली सहा हजारांच्या आसपास उरले. १९८९ साली केनियाच्या राष्ट्राध्यक्षांनी जप्त केलेल्या बारा टन हस्तिदंताची नैरोबीत जाहीर होळी केली, त्याच वर्षी त्याच्या जागतिक व्यापारावर बंदीचा ठराव झाला. २०१६ साली पुन्हा १०५ टन जाळले गेले. आपल्या देशातही १९९१पासून आफ्रिकन हस्तिदंताचा व्यापार बंद आहे. २०१७च्या मोजणीत त्सावोच्या परिसरातले हत्ती पुन्हा बारा हजारांवर गेले होते. एवढे सगळे झाल्यावर २०२२चा दुष्काळ आला आणि केवळ नऊ महिन्यांत केनियात २०५ हत्ती मेल्याची नोंद झाली. बंदुकीला कायदा आहे. आटलेल्या पाणवठ्याला कोणता कायदा लावणार?

पाण्यावरून शेवटची गोष्ट. पश्चिम त्सावोत म्झीमा नावाचे झरे आहेत. दूरच्या च्युलू डोंगरांवर पडलेला पाऊस ज्वालामुखीच्या राखेत मुरतो, जमिनीखालून कित्येक वर्षे वाट काढतो आणि येथे नितळ होऊन वर येतो. रोज वीस कोटी लिटरांच्या वर. भोवती रखरखीत माळ आणि मध्ये ताडामाडांची हिरवी राई. पाण्याखाली काचा बसविलेली एक खोली आहे. तीत उतरले की माशांचे थवे डोळ्यांसमोरून जातात, आणि नशीब असेल तर पाणघोडा तळावरून चालत येतो. एवढे धूड, पण पाण्यात चालते ते एखाद्या नर्तकीसारखे!

वर आलो तेव्हा मेहुणेबुवांनी झाडीत शिरणारा एक मोठा नळ दाखविला. “भाऊजी, हे पाणी कुठं जातं, ठाऊक आहे? आमच्या मोंबासाला.” शहराला पाणी आणखीही ठिकाणांहून येते, पण दोनशेहून अधिक किलोमीटरांवरून आणलेला हा नळ पन्नाशीच्या दशकापासून त्याची तहान भागवीत आला आहे. म्हणजे ज्या झऱ्यावर पाणघोडे नांदतात, हत्ती येतात, त्याचेच पाणी बारा लाखांच्या शहरातील स्वयंपाकघरात उतरते. ते डोंगर उघडे पडले, तर झरा हटेल. झरा हटला, तर अरण्याबरोबर शहराचाही घसा कोरडा पडेल. ठाणे-मुंबईच्या वाचकांना हे निराळे सांगायला नको. आपलेही पाणी तानसा-वैतरण्याच्या रानांतूनच येते; आपण नळ सोडताना रानाचे नाव घेत नाही, इतकेच.

शहराला हे कळू लागले आहे, याची एक खूण शहरालगतच आहे. बांबुरी येथे सिमेंटसाठी पोवळ्याचा खडक खणून खणून उजाड खाणी झाल्या होत्या. १९७१पासून रेने हॅलर या माणसाने तेथे सुरूची झाडे लावली. सुरूच्या सुया कुजेनात, तेव्हा त्याने त्यांत वाणी सोडले; होय, पावसाळ्यात आपल्या पडवीत वेटोळे करून बसतात तेच! त्या किड्यांनी सुया खाऊन माती केली, मातीवर इतर झाडे आली, झाडांमागून पाखरे आली. २००४च्या त्सुनामीत कळपापासून तुटलेले पाणघोड्याचे एक पोर येथेच आणले गेले, आणि ते सव्वाशे वर्षांच्या एका कासवाच्या पाठीला टेकून झोपू लागले. कासवाचे नाव म्झी, म्हणजे आजोबा. ही हकिगत जगातल्या मुलांनी पुस्तकांतून वाचली आहे. मला स्वतःला त्या दोघांपेक्षा वाणीच मोठे वाटले.

ज्यांना जायचे असेल, त्यांनी मोंबासासाठी किमान तीन दिवस ठेवावेत. किल्ला सकाळी पाहावा, दुपारचे ऊन फार. अरण्यात जाताना यादी नेऊ नये, पाण्याची बाटली न्यावी. आणि त्सावोच्या पुलापाशी गाडी मिनिटभर थांबवावी.

आणि करंडा? यंदाही तो निघेल. विकता येत नाही, तसा कायदाच आहे. टाकवतही नाही, आजीचा आहे. सौभाग्यवतींनी परवा तो पुसता पुसता कन्येला जवळ बोलावले. “तुलाच द्यायचा आहे,” त्या म्हणाल्या, “पण कोणी विचारलं की हा कशाचा, तर नुसतं हस्तिदंताचा म्हणू नकोस. हत्तीचा म्हण.” कन्येने करंडा हातात घेतला, झाकण उघडून पाहिले, आणि म्हणाली, “घेईन. पण कुंकू दुसऱ्या डबीत ठेवीन.”